सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाची घडण

(शेगाव येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा पाठ)



प्राथमिक शाळेतील नोकरी सांभाळून पदवी संपादन करावी, पुढे बी. एड. व्हावे आणि माध्यमिक वर्गांना शिकविण्याची पात्रता मिळवावी, अशी आकांक्षा खेड्यापाड्यांतील कितीतरी शिक्षक मनात बाळगून असतात. ही आकांक्षा स्तुत्य आहे. परंतु अध्यापनाचा विषय निवडण्याची वेळ आली म्हणजे जो विचार पुष्कळांच्या मनात येतो, तो तितका स्तुत्य नाही. गणित अवघड, इंग्रजीची भीती, विज्ञानाला प्रयोगांचा सराव हवा. तेव्हा आपला इतिहास-भूगोल बरा, असे म्हणून सामाजिक शास्त्रांची वाट धरली जाते. शाळांतही हीच समजूत दृढ झालेली आहे. वेळापत्रक आखताना गणिताच्या व इंग्रजीच्या तासिका प्रथम नेमल्या जातात आणि इतिहासाच्या तासिका ज्याचे आठवड्याचे तास कमी भरत असतील त्याच्या पदरात पडतात. पुस्तक उघडावे, एकेका मुलाला उभे करून परिच्छेद वाचून घ्यावा, स्वाध्यायाची उत्तरे फळ्यावर लिहून द्यावी, की पाठ संपला!

या समजुतीची किंमत शिक्षकाला द्यावी लागत नाही, विद्यार्थ्याला द्यावी लागते. दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलासमोर जिल्ह्याचा नकाशा ठेवला, तर त्याला आपल्या गावाच्या ओढ्याचे पाणी अखेर कोणत्या समुद्रास मिळते हे पुष्कळदा सांगता येत नाही. आजोबांच्या जन्मकाळी आपले गाव कोणत्या राज्यात होते, हे त्याला ठाऊक नसते. आणि आज तर त्याच्या हातातील फोनवर इतिहासाच्या नावाने रोज काही ना काही येऊन आदळत असते. कोणी लिहिले, कशाच्या आधारे लिहिले, याचा पत्ता नसतो. चौदा वर्षांचा मुलगा ते वाचतो, त्यावर विश्वास ठेवतो, आणि कधी कधी त्यावरून शेजारच्या मुलाशी वैरही धरतो. गणितात कच्चा राहिलेला मुलगा हिशेबात फसेल. येथे कच्चा राहिलेला मुलगा माणसांविषयी फसतो.

प्रशिक्षणाच्या नियमांची माहिती बहुतेकांना असते. तरीही थोडक्यात सांगणे सोयीचे होईल. बी. एड. हा अभ्यासक्रम पूर्वी एक वर्षाचा होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार २०१५-१६ पासून तो दोन वर्षांचा झाला आणि त्यात शाळेतील प्रत्यक्ष अनुभवासाठी एकूण वीस आठवडे राखून ठेवण्यात आले. नोकरीत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे. बारावीनंतर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही आता सुरू झालेला आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी भाषा, गणित-विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांना किमान एकेक शिक्षक असलाच पाहिजे, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत म्हटले आहे. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेतही सामाजिक शास्त्रांच्या पदवीधर शिक्षकाची जागा निर्माण झाली. शिक्षक पात्रता परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात दीडशेपैकी साठ गुण या विषयाला आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, सेवेची पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या शिक्षकांनाही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होण्यास सांगितले, हे तर सर्वांच्या जिव्हाळ्याचेच झाले आहे. त्यापूर्वी ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात त्याच न्यायालयाने बी. एड. ही पदवी पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठीची पात्रता नव्हे, असेही म्हटले होते. लहान मुलांना शिकविणे व मोठ्या मुलांना शिकविणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, एवढा बोध तरी त्यातून घ्यावयास हरकत नाही.

मात्र नियम पाळल्याने पदवी मिळते, शिक्षक घडत नाही. तो कोठे घडतो याचा विचार आता करावयाचा आहे.

प्राथमिक शिक्षक या वाटेवर येतो तेव्हा त्याच्या गाठीस काही मोठे भांडवल असते. मुलाचे मन त्याला कळते. गोष्ट कशी सांगावी हे त्याला शिकवावे लागत नाही. चौथीच्या वर्गात शिवछत्रपतींचे चरित्र सांगताना मुलांचे डोळे कसे विस्फारतात हे त्याने वर्षानुवर्षे पाहिलेले असते. परंतु हेच भांडवल माध्यमिक वर्गात अडसर होऊ शकते. नऊ वर्षांच्या मुलाला गोष्ट पुरते. चौदा वर्षांचा मुलगा गोष्ट ऐकून घेतो आणि मनात म्हणतो, ‘हे कशावरून?’ तो प्रश्न तो उघडपणे विचारीलच असे नाही. पाच-सात वर्षे सामुदायिक होकार देण्याची सवय त्याला लावलेली असते. ‘समजले का?’ असे गुरुजींनी विचारावे आणि साऱ्या वर्गाने ‘हो’ म्हणावे, या प्रश्नोत्तराने आजवर कोणालाही काही समजल्याचे सिद्ध झालेले नाही. सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाची खरी तयारी म्हणजे ‘कशावरून?’ हा प्रश्न आधी स्वतःला विचारण्याची सवय होय.

एक उदाहरण शेगावातूनच घेऊ. समजा, सराव पाठ चालू आहे. वर्ग आठवीचा आहे, मागे मार्गदर्शक प्राध्यापक वही घेऊन बसले आहेत, आणि पाठ दळणवळणाच्या साधनांवर आहे. छात्राध्यापकाने टाचण काळजीपूर्वक लिहिले आहे, उद्दिष्टे आखली आहेत, तक्ता रंगवून आणला आहे. मध्येच एक मुलगा उठून विचारतो, ‘गुरुजी, शेगावात आगगाडी आधी आली की महाराज आधी आले?’ वर्ग हसतो. छात्राध्यापक गोंधळतो. प्रश्न टाचणात नाही. ‘विषयाला धरून विचार’ असे म्हणून तो मुलाला खाली बसवितो आणि तक्त्याकडे वळतो.

वस्तुतः त्या दिवसाचा उत्तम पाठ त्या मुलाने त्याच्या हातात दिला होता. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग शेगाववरून जात जात १८६७ साली नागपूरला पोहोचला. गजानन महाराज शेगावी प्रकट झाले तो दिवस २३ फेब्रुवारी १८७८ हा मानला जातो. म्हणजे आगगाडी सुमारे अकरा वर्षे आधीची. एवढे उत्तर फळ्यावरील एका कालरेषेने देता आले असते. परंतु उत्तर देऊन थांबणारा शिक्षक अर्ध्या वाटेवरच थांबला असे म्हणावे लागेल. पुढचा प्रश्न त्याने वर्गाला विचारावयाचा: ही दोन्ही वर्षे आपल्याला कशी कळली?

रेल्वेचे वर्ष कळते ते त्या काळच्या सरकारी व कंपनीच्या कागदपत्रांवरून. मार्ग बांधला जात असतानाच ते कागद तयार होत होते. महाराजांच्या चरित्राचे सर्वांत लोकप्रिय साधन म्हणजे संतकवी दासगणू यांनी १९३९ साली रचलेला ‘श्रीगजानन विजय’ हा एकवीस अध्यायांचा ग्रंथ. महाराजांनी देह ठेवला १९१० साली. म्हणजे ग्रंथ त्यानंतर एकोणतीस वर्षांनी सिद्ध झाला. घटना घडत असताना तयार झालेले साधन आणि घटनेनंतर, लोकांच्या आठवणी व श्रद्धा यांच्या आधारे तयार झालेले साधन, यांतील फरक मुलांना समजावून देण्यास यापेक्षा जवळचे उदाहरण कोणते? येथे शिक्षकाने फार तोल सांभाळावयास हवा. वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी त्या ग्रंथाचे पारायण होत असते. श्रद्धेची थट्टा करणारा शिक्षक त्या मुलांना कायमचा गमावून बसेल. आणि पोथीतील प्रत्येक प्रसंग परीक्षेतील सनावळीसारखा घोकून घेणारा शिक्षक इतिहासही शिकवीत नाही व भक्तीही शिकवीत नाही. पारायणाच्या ठिकाणी पोथी ही उपासना आहे. इतिहासाच्या तासिकेला ती एक साधन आहे, आणि साधनाला कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणाकडून ऐकून लिहिले, हे विचारण्यात अनादर नाही. सरकारी कागदालाही हेच प्रश्न विचारावयाचे असतात. तो कागद समकालीन असला तरी तो सारावसुली करणाऱ्याच्या किंवा कंपनीच्या दृष्टीने लिहिलेला असतो. रूळ टाकताना ज्यांच्या शेतातून मार्ग गेला त्यांचे म्हणणे त्यात क्वचितच आढळेल.

याच ठिकाणी कालगणनेचा धडाही सहज घेता येतो. श्रींची पुण्यतिथी ऋषिपंचमीची, म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमीची. शके १८३२ मधील ती पंचमी इसवी सनाच्या ८ सप्टेंबर १९१० रोजी आली होती. शकात ७८ मिळविले की इसवी सन मिळतो, हे पुष्कळ शिक्षक पाठ करून सांगतात. पण ते नेहमीच खरे नव्हे. त्याच शके १८३२ मधील माघ महिना १९११ साली पडतो. तेथे ७९ मिळवावे लागतात, कारण इसवी सन मध्येच, पौषाच्या सुमारास बदलतो आणि शक बदलतो तो चैत्रात. प्रकटदिन माघातला, पुण्यतिथी भाद्रपदातली. शेगावचे प्रत्येक मूल हे दोन्ही दिवस ओळखते. त्याच्या ओळखीच्या दिवसांवरून हा हिशेब एकदा उलगडून दिला, तर तो जन्मभर विसरणार नाही. जुन्या पत्रांतील व दस्तऐवजांतील तिथी वाचताना सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाला हा हिशेब पदोपदी लागतो.

आता थोडे पुढे जाऊ. १८७८ साली शेगाव कोणत्या जिल्ह्यात होते, असा प्रश्न विचारला, तर बहुतेक शिक्षकही ‘बुलढाणा’ असे उत्तर देतील. ते चूक आहे. खामगाव तालुका, आणि त्यात असलेले शेगाव, त्या वेळी अकोला जिल्ह्यात मोडत असे. १९०५ च्या पुनर्रचनेत तो भाग बुलढाण्याला जोडला गेला. एखादा मनुष्य १८९० साली शेगावात जन्मला आणि पंचाहत्तर वर्षे जगला अशी कल्पना करावी. जन्माच्या वेळी त्याचे गाव हैदराबादच्या निजामाचे, पण कारभार मात्र इंग्रजांच्या हाती. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले होते. १९०२ साली वर्षाला पंचवीस लाख रुपये देण्याच्या बोलीवर तोच प्रदेश कायमच्या पट्ट्याने घेतला गेला आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपूरहून चालू लागला. १९३६ पासून प्रांताचे नाव ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असे झाले. १९५० साली तोच मनुष्य मध्य प्रदेशाचा रहिवासी झाला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचा, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा. घराचा ओटा न सोडता! त्याच्या हयातीतच, १ मे १९६२ रोजी, ज्या जिल्हा परिषदांच्या शाळांत आज आपण शिकवितो त्या जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

हा सारा क्रम पाठ्यपुस्तकातील निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेला असतो: तैनाती फौज एका ठिकाणी, प्रांतरचना दुसऱ्या ठिकाणी, राज्यपुनर्रचना तिसऱ्या ठिकाणी, पंचायत राज्य नागरिकशास्त्रात. तो एका माणसाच्या आयुष्याभोवती गुंफून दाखविणे, यालाच अध्यापक महाविद्यालयांच्या भाषेत आशययुक्त अध्यापन पद्धती असे भारदस्त नाव आहे. नाव भारदस्त असले तरी काम साधे आहे. मात्र त्यासाठी शिक्षकाला आशय आधी स्वतःला यावा लागतो. आणि निजामाच्या राज्याचा उगम कोठला, असे मुलांनी विचारले तर? त्याचेही उत्तर याच जिल्ह्यात आहे. १७२४ च्या ऑक्टोबरात साखरखेर्ड्याच्या लढाईत निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दक्षिणेत त्याची स्वतंत्र सत्ता उभी राहिली. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून प्रत्येक मुलास ठाऊक असते. त्याच तालुक्यातील साखरखेर्डा मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

इतिहासाची पदवी घेतलेल्या शिक्षकाची खरी परीक्षा भूगोलात होते. सामाजिक शास्त्रे हा एकच विषय आहे असे बाहेरून दिसते, परंतु आपल्याकडे इतिहास-राज्यशास्त्र व भूगोल यांची पुस्तके निराळी, पेपर निराळे. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने सामाजिक अध्ययन असा एकत्रित विषय सुचविला होता. नाव रूढ झाले, एकजीवपणा मात्र शिक्षकाच्या डोक्यात यावयाचा राहून गेला. ज्याने इतिहासात पदवी घेतली त्याने भूगोलाचे पुस्तक दहावीनंतर क्वचितच उघडलेले असते; भूगोलाच्या पदवीधराची इतिहासाबाबत तीच गत. वर्गावर मात्र दोन्ही शिकवावे लागते. तेव्हा प्रशिक्षणाच्या दोन वर्षांत आपला बळकट विषय घोटीत बसण्यापेक्षा दुबळ्या विषयाची पुस्तके पाचवीपासून क्रमाने वाचून काढणे अधिक हिताचे ठरते. यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा तर भूगोलाच्या शिक्षकासाठी मुद्दाम काढल्यासारखा आहे. उत्तरेस सातपुडा, मध्ये पूर्णेचे सपाट खोरे, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेचा घाटावरचा प्रदेश. जुन्या काळी लोक याला पाईनघाट व बालाघाट म्हणत. शेगावचे पाणी पूर्णेला, पूर्णेचे तापीला आणि तापीतून अरबी समुद्राला जाऊन मिळते. घाटावर उगम पावणाऱ्या पैनगंगेचे पाणी मात्र वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेने बंगालच्या उपसागरात जाते. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो! शिवाय येथे एक घोटाळा दडलेला आहे. या जिल्ह्यात पूर्णा नावाच्या दोन नद्या वाहतात: शेगावच्या उत्तरेची पूर्णा तापीची उपनदी, आणि देऊळगावराजाकडील खडकपूर्णा गोदावरीच्या खोऱ्यातील. नकाशावर बोट न ठेवता नद्यांची नावे पाठ करवून घेणारा शिक्षक या दोन पूर्णांची हमखास सरमिसळ करतो, आणि मुले ती चूक उत्तरपत्रिकेपर्यंत निष्ठेने वाहून नेतात.

त्याच पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांतील मुलाला विहिरीचे पाणी खारे असते हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्याची आई रोज त्याच पाण्याशी झगडत असते. ते पाणी खारे का, पलीकडच्या गावचे गोडे का, याचा शोध घेणे हाच भूगोल होय. नदीने हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर, त्यांतील क्षार, पाण्याचा मंद निचरा, ही कारणे फळ्यावर लिहून देता येतात. परंतु चार विहिरींचे व एक पावसाचे असे पाच बाटल्यांत पाणी भरून आणावे, प्रत्येकात थोडा साबण चोळून फेस किती येतो ते पाहावे, आणि त्या विहिरींच्या जागा गावाच्या नकाशावर मांडाव्या. मग मुले कारण आपण होऊन विचारतात. फेसाने खारेपणा नेमका मोजता येत नाही, पाण्याचा जडपणा तेवढा कळतो, हेही त्याच वेळी सांगून टाकावे. अर्धसत्य शिकवू नये. दहावीच्या भूगोलाच्या २०१८ पासूनच्या पाठ्यपुस्तकाचा पहिला पाठच क्षेत्रभेटीचा आहे. तो पाठ वर्गात बसून वाचून दाखविणाऱ्या शिक्षकास काय म्हणावे?

त्याच वर्षीच्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाचा तर उल्लेख करावयासच हवा. त्याचा आरंभ राजांच्या वंशावळीने होत नाही; इतिहास लिहिला कसा जातो, या प्रश्नाने होतो. पाश्चात्त्य व भारतीय इतिहासलेखनाच्या परंपरा, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन, असे त्याचे पाठ आहेत. केवळ सनावळीच्या बळावर उभा राहिलेला शिक्षक पहिल्याच पाठात अडखळतो आणि गाईडाचा आश्रय घेतो. मुलांजवळही तेच गाईड असते. मग वर्गात शिक्षकाची गरज काय उरली?

यास्तव प्रशिक्षणातील वीस आठवड्यांचा शालेय अनुभव हा सर्वांत मोलाचा भाग समजावा. दुर्दैवाने तोच भाग पुष्कळदा स्वाक्षऱ्यांपुरता उरकला जातो. नोकरीतील शिक्षकाला तर वाटते, वर्गावर उभे राहणे का आता शिकावयाचे! पण अनुभव जुना असला म्हणजे चुकाही जुन्या झालेल्या असतात. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत आपण स्वतः किती मिनिटे बोलतो, हे एखाद्या सहाध्यायाला घड्याळ लावून मोजावयास सांगावे. तीस मिनिटे बोलणारे शिक्षक आपण दहा मिनिटे बोललो असे प्रामाणिकपणे मानीत असतात. तक्त्यांचेही तसेच. रंगीत तक्ता निरीक्षकाच्या डोळ्यांत भरतो. मुलांनी खडूने जमिनीवर काढलेला ओबडधोबड नकाशा मुलांच्या डोक्यात भरतो. नागरिकशास्त्राच्या पाठाला ग्रामपंचायतीच्या फलकावरील एक नोटीस उतरवून आणावी. त्रेसष्ट कलमांचा सारांश घोकण्याहून, ही नोटीस कोणी काढली, कोणाच्या अधिकारात काढली, न पटल्यास कोठे बोलावयाचे, एवढे मुलांना कळले तरी त्या दिवशीचा पाठ चांगला झाला.

हे सारे वाचून कोणास वाटेल, एवढी सामग्री खेड्यातील शिक्षकाने आणावी कोठून? सामग्री फारशी दूर नाही. ए. सी. लायल यांनी संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटिअर १८७० सालचे आहे, बुलढाणा जिल्ह्याचे गॅझेटिअर १९१० सालचे आहे, आणि जुनी गॅझेटिअरे आता संगणकावर पाहावयास मिळतात. शाळेचे जुने दाखलखारीज रजिस्टर प्रत्येक शाळेत असते. त्यात मुलींची नावे कोणत्या वर्षापासून दिसू लागतात, कोणत्या वर्षी नावे एकाएकी कमी होतात, वडिलांचे धंदे कसे बदलत जातात, हे पाहिले तर गावाचा सामाजिक इतिहासच हाती येतो. अर्थात ते रजिस्टर मुलांच्या हाती देऊ नये. त्यात लोकांच्या खासगी नोंदी असतात. शिक्षकाने स्वतः आकडे काढून, नावे गाळून, वर्गापुढे ठेवावेत.

आता त्या पहिल्या मुलाकडे परत जाऊ. छात्राध्यापकाने त्याला खाली बसविले नाही असे धरू. कालरेषा काढून झाली, साधनांची तुलना झाली. मग आगगाडी इकडे आलीच कशाला, असे त्याने वर्गाला विचारले. कोणी म्हणाला यात्रेकरूंसाठी. कालरेषेकडे पाहून दुसऱ्याने ते खोडून काढले. कोणी म्हणाला कापसासाठी. येथे शिक्षकाने जगाचा नकाशा उलगडला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव आला. मात्र युद्धामुळे रेल्वे आली असे लिहून घेऊ नका, असेही त्याने बजावले. मार्गाची आखणी युद्धापूर्वीच झालेली होती, युद्धाने त्या कापसाचे महत्त्व वाढविले एवढेच. एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणभाव असेलच असे नाही, हे या एका वाक्यात येऊन गेले. पुढे १८७० साली जलंबपासून खामगावच्या कापसाच्या बाजारपेठेपर्यंत तेरा किलोमीटरांचा फाटा टाकण्यात आला, आणि त्या प्रसंगी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते, हेही त्याने सांगितले.

तोच मागच्या बाकावरील एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘गुरुजी, बाजार एवढा मोठा होता, तर मुख्य मार्गच खामगाववरून का नाही नेला? फाटा टाकण्याची वेळ का आली?’

टाचणात याचेही उत्तर नव्हते. छात्राध्यापकाने प्रश्न फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहिला, त्याभोवती चौकट काढली, आणि हे आपल्यालाही ठाऊक नाही, असे वर्गाला सांगितले. मागे बसलेल्या प्राध्यापकांनी वहीत काहीतरी लिहिले. दुसऱ्या दिवशी तो समोच्चरेषा असलेला नकाशा घेऊन वर्गावर आला; शेगाव, जलंब आणि खामगाव यांच्या खाली मुलांकडून रेघा ओढून घेतल्या, आणि पूर्णेच्या खोऱ्याकडून दक्षिणेस जाताना जमिनीची उंची कशी बदलत जाते, ते मोजण्यास त्याने त्या मुलीलाच पुढे बोलाविले.